एकतीस नंबरचा डबा

१

माणसं सामान टाकून जातात म्हणजे काय काय टाकून जातात, हे कुकटपल्लीच्या त्या गोडाऊनमधल्या सुमन देगलूरकरांना विचारावं. नवं घर ताब्यात येईपर्यंत, बदली रद्द होईपर्यंत, भावाभावांचं भांडण मिटेपर्यंत लोक तिथे एकेक खोली भाड्याने घेत, सामान कोंबत आणि शटर ओढून मोकळे होत. पुढे कधीतरी भाडं थांबे, फोन लागेनासा होई, नोटिसा परत येत. मग कुलूप तोडायचं, वस्तूंची यादी करायची, फोटो काढायचे आणि शनिवारी बेगम बाजारचे जुन्या सामानाचे व्यापारी आले की सगळं एकगठ्ठा विकून टाकायचं. यादी करायचं काम सुमनताईंचं. नऊ वर्षांत त्यांच्या यादीतला चमचासुद्धा कधी इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि याचा त्यांना गर्व होता. तो त्या लपवतही नसत.

दोन गोष्टी मात्र त्या विकू देत नसत. देव आणि गेलेल्या माणसांचे फोटो. ते निघाले की पदराने पुसून आधी बाजूला ठेवायचे. मॅनेजर सौरभ हसायचा, पण अडवायचा नाही.

डिसेंबरातल्या एका सोमवारी त्यांनी एकशे चौदा नंबरची खोली उघडली. कुलूप तोडायला यादय्या होता. साठीचा माणूस, हमालीही करायचा आणि पहाराही. करवत बाजूला ठेवून तो वर बघत राहिला.

"अम्मा, ये कमरे के सामने की बत्ती बुझतीच नै."

पॅसेजमधले दिवे माणूस हलला की लागत आणि तो गेला की आपोआप विझत. एकशे चौदासमोरचा दिवा म्हणे आठवडाभर जळतच होता.

"बिघडला असेल. इलेक्ट्रिशियनला सांगते. शटर उचल."

शटर वर गेलं आणि सुमनताई वही उघडायची विसरल्या. बाकीच्या खोल्यांत सामान छतापर्यंत रचलेलं असतं. इथे ते मांडलेलं होतं. एका अंगाला खाट, तिच्यावर घडी घातलेली गोधडी. भिंतीशी लोखंडी मांडणी, तिच्यावर भांडी घासून पालथी घातलेली. मध्ये पाट. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली आणि दोरीवर वाळत घातलेलं हिरवं लुगडं. सुमनताईंनी ते बाजूला सारून पाहिलं. मागे वीतभर जागा आणि पांढरी भिंत.

त्या लिहीत गेल्या. खाट, एक. गोधडी, एक. लाकडी पाट, एक. एकतीस नंबरला त्यांनी स्टीलचा कडीचा डबा लिहिला. त्याच्या झाकणावर 'मालनबाई' असं नाव कोरलेलं होतं. भाड्याच्या फॉर्मवर विकास नावाच्या, परदेशात राहणाऱ्या कुणा मुलाची सही होती. त्याची आई असेल, किंवा आजी.

एवढा सगळा संसार, पण देव कुठेच नव्हते. फोटोही नव्हता. आणि कुठे कणभर धूळ नव्हती. शटर घट्ट बसत असेल, असं सुमनताईंनी स्वतःला सांगितलं. यादय्या मात्र उंबऱ्याच्या आत काही आला नाही. वस्तू मोजायच्या सोडून त्याने आपल्या चपलांकडे बघत वेळ काढला.

२

त्या दिवशी दुपारी मेघनाचा फोन आला.

"आई, मला ना मिर्ची भजी खावीशी वाटतायत. बंडीवरचीच हं. घरी नको करू, प्लीज, तुझी सॉफ्ट होतात."

मेघना सुमनताईंची एकुलती एक लेक. नववा लागला होता आणि बाळंतपणाला दिलसुखनगरला आईकडे आली होती. याआधी दोन वेळा तिचं बाळ हाताशी येऊन गेलं होतं. एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्यात. पाचव्यातल्यानंतर ती चार महिने कुणाशी धड बोलली नव्हती. सुमनताईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात जे काही उजेडाचं होतं ते आता त्या पोटात होतं. हे तिसरं जगायलाच हवं होतं, आणि मेघनाने मागितलेलं काहीही आणायची त्यांची तयारी होती. भजी म्हणजे काय मोठं?

गेटबाहेरच्या हातगाडीवरून भजी घेतली, पण बंडीवाल्याचा कागद तेलाने फाटायला आला. स्वतःचा डबा त्या सकाळी घरीच विसरल्या होत्या. मेट्रोत सगळ्यांच्या कपड्यांना तेल पुसत जायचं का? त्या परत आत गेल्या, एकशे चौदाचं शटर उचललं आणि मांडणीवरचा तो कडीचा डबा घेतला. उद्या घासून ठेवू. कुणाला कळतंय?

मेघनाने भजी चाटूनपुसून खाल्ली. पोटातल्याने लाथा मारल्या, तेव्हा आईचा हात ओढून तिने तिथे ठेवला. दोघी हसल्या.

सकाळी सुमनताईंनी डबा चिंचेने लख्ख घासला आणि पिशवीत टाकायच्या आधी त्यांचा हात आपोआप साखरेच्या बरणीकडे गेला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही सवय त्यांना आईकडून लागलेली. शेजारणीची वाटीसुद्धा त्यांनी जन्मात कधी रिकामी पाठवली नव्हती. मूठभर साखर डब्यात पडली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की हा डबा कुणाकडेच परत जायचा नाहीये.

"बाई गं, वेड लागायचं मला," असं म्हणून त्या स्वतःशीच हसल्या. पण साखर काढली नाही. काढून टाकायला कसंतरीच वाटलं. डबा तसाच नेऊन मांडणीवर ठेवला.

३

बुधवारी व्यापाऱ्यांना पाठवायचे फोटो काढायचे होते. सुमनताईंनी शटर उचललं, एकेका वस्तूचा फोटो घेतला. एकतीस नंबर उचलला तर तो जड लागला.

आत कैरीच्या फोडी होत्या. तिखटमीठ लावलेल्या, पाणी सुटलेल्या, ताज्या.

त्यांना आधी राग आला. भीती नंतर आली. आदल्या संध्याकाळी मेघनाने कैरीचा हट्ट धरला होता आणि डिसेंबरात कैरी कुठली आणू बाई, म्हणून त्यांनी तिला लिंबाच्या लोणच्यावर भागवायला लावलं होतं. ते बोलणं स्वयंपाकघरात झालं होतं. तिथे तिसरं कुणी नव्हतं.

"यादय्या! इधर कौन आया था?"

"कोई नै अम्मा. चाबी तो आपके पासिच है ना."

खरंच होतं ते. नवं कुलूप त्यांनीच घातलं होतं आणि चावी त्यांच्या बटव्यात होती. ऑफिसात जाऊन त्यांनी पॅसेजच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मागे नेऊन पाहिलं. मंगळवारी सकाळी त्या स्वतः शटर ओढून जाताना दिसल्या. त्यानंतर कुणी म्हणून कुणी फिरकलं नव्हतं. दिवा तेवढा जळत होता.

डोकं चालणाऱ्या बाईने आता काय समजायचं? कुणीतरी थट्टा करतंय, असं समजायचं. सौरभकडे दुसरी चावी असेल. शीतगृहातली कैरी बाराही महिने मिळत असेल. सुमनताईंनी असं सगळं नीट समजून घेतलं, फोडी कचऱ्यात टाकल्या, डबा धुतला आणि या वेळी मुद्दाम, ठरवून, रिकामा नेऊन ठेवला. ठेवताना हात थांबू पाहत होता. त्यांनी तो थांबू दिला नाही.

शटर खाली येता येता आत भांड्यावर भांडं लागल्याचा आवाज झाला. एकदाच. मांडणीवर डबा आदळून ठेवावा तसा.

४

त्या संध्याकाळी बाळ हललं नाही.

मेघना गप्प गप्प होती. साखरेचं पाणी प्यायली, डाव्या कुशीवर झोपली, पोटाला हात लावून मोजत राहिली. सात वाजता तिने आईकडे नुसतं बघितलं आणि सुमनताईंनी जावयांना फोन लावला. जावई अमितराव ऑफिसातून तसेच धावत आले. दवाखान्यात ठोके ऐकले. ठोके होते, पण मंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लक्ष ठेवा, शनिवारी सकाळी परत दाखवा, तोपर्यंत काही वाटलं तर लगेच या.

सुमनताईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. त्या स्वतःला बजावत राहिल्या, दोन गोष्टी एका दिवशी झाल्या म्हणजे एकीमुळे दुसरी होत नाही. आपण शिकलेल्या आहोत. आपले वडील मास्तर होते. लेकीचं बाळ आणि गोडाऊनमधला डबा यांचा काय संबंध?

आणि सकाळी निघताना त्यांनी गुळाचा खडा कागदात बांधून घेतला.

एकशे चौदा उघडताना त्यांनी यादय्याला दुसऱ्या कामावर पाठवलं. लाज वाटत होती. डबा मांडणीवर नव्हताच, खाली पाटावर होता, झाकण उघडं, तोंड शटरकडे. त्यांनी गूळ टाकला, झाकण लावलं आणि मागे न बघता बाहेर आल्या. कुलपात चावी फिरते न फिरते तोच फोन वाजला.

"आई! अगं लाथा मारतंय! इतक्या जोरात, सोफ्यावरचा माझा मोबाइल उडवला!"

सुमनताई रडल्या. भिंतीला टेकून, तोंडावर पदर धरून रडल्या, आधी आनंदाने. मग त्यांचं लक्ष समोरच्या शटरकडे गेलं आणि आनंद तिथल्या तिथे आटला. थट्टा असती तर बरं झालं असतं. दिवा बिघडलेला असता, कैरी सौरभची असती, सगळं खोटं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते. पण गूळ लागू पडला होता.

शटरच्या पलीकडून कुणीतरी कुरुमकुरुम खात असल्याचा आवाज येत होता. गूळ दाताखाली फुटल्याचा. त्या ऐकत उभ्या राहिल्या आणि मग त्यांना पळावंसं वाटलं, तरी त्या अगदी हळू, पावलांचा आवाज न करता चालत गेल्या.

५

शुक्रवारी यादी पडताळायची असते. विकायच्या आदल्या दिवशी वही हातात घेऊन प्रत्येक वस्तूवर बोट ठेवायचं. नऊ वर्षांत त्यांनी हे चुकवलं नव्हतं. त्या दिवशी त्या दुपारपर्यंत टाळत राहिल्या, शेवटी यादय्याला म्हणाल्या, "तू इथेच उभा राह. माझ्याशी बोलत राह."

"क्या बात करूं अम्मा?"

"काहीही. तुझ्या नातवंडांचं सांग."

यादय्या बाहेरून नातवाच्या शाळेचं सांगू लागला. आत सुमनताई एकेक वस्तू मोजत होत्या. खाट, एक. गोधडी, एक. दोरीवरचं लुगडं त्या दिवशी ओलं होतं, खाली थेंब पडत होते. त्यांनी त्याला हात लावला नाही. लाकडी पाट.

पाट दोन होते.

एक मोठा, सोमवारचाच. दुसरा लहान, गुळगुळीत, त्याच्यासमोर मांडलेला. लहान पाटापुढे चांदीचं बोंडलं होतं, तान्ह्या पोराला दूध पाजायचं, नळीला थोडं वाकलेलं. त्याच्या शेजारी डबा. वहीत बोंडलं नव्हतं. दुसरा पाट नव्हता. त्यांनी पुन्हा पुन्हा पान उलटून पाहिलं, आपणच चुकलो असू तर किती बरं, असं वाटून.

डब्यात टोपडं होतं. जुन्या हिरव्या लुगड्याचं, हाताने शिवलेलं, कानाशी दोन बंद. सुमनताईंनी ते उचललं. टोपडं ऊबदार होतं. आत्ता कुणाच्या तरी डोक्यावरून काढलं असावं तसं. वेखंडाचा वास येत होता.

शेजारणीचं आलं की आपलं जायचं. जसं येईल तसं, तोलामोलाचं. साखरेला साखर, वडीला वडी. टोपड्याच्या बदल्यात काय पाठवायचं असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. लहान पाट तिथे मांडलेलाच होता.

"नको," त्या म्हणाल्या. "नको हो, मालनबाई. हे नको आम्हाला." टोपडं त्यांनी परत डब्यात ठेवलं आणि झाकण दाबलं.

"क्या बोले अम्मा?" यादय्याने बाहेरून विचारलं.

"काही नाही. बोलत राह तू."

पण त्या बाहेर आल्या तेव्हा यादय्या दहा पावलं लांब जाऊन उभा होता. "अम्मा," तो म्हणाला, "अंदर से दूसरी आवाज में 'हौ' किसने बोला?"

६

शनिवारी नऊ वाजता मेघनाला दवाखान्यात न्यायचं होतं. "आई, तू पण चल ना," ती म्हणाली. सुमनताईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि सांगितलं की सामान विकायचंय, तासाभरात थेट तिकडेच येते. अमितरावांना राग आलेला दिसला.

कपाटातून त्यांनी मेघनाचे वाळे काढले होते. चांदीचे, घुंगरांचे, ती सहा महिन्यांची असताना घातलेले. चांदीला चांदी. लेकराच्या जागी लेकराचं काहीतरी. यापलीकडे त्यांना सुचत नव्हतं. दहाला व्यापारी येतील, खोली रिकामी होईल, मालनबाईंचा संसार चार टेम्पोंत चार दिशांना जाईल. तोवर त्यांचं मन राखायचं, बस.

पॅसेजमधले सगळे दिवे लागलेले होते, आणि तिथे कुणी नव्हतं. सुमनताईंनी शटर कमरेपर्यंत उचललं, वाकून वाळे डब्यात ठेवले, डबा लहान पाटावर ठेवला. मग बाहेर येऊन शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. फटीतून दोन्ही पाट दिसत होते. लुगड्याचा काठ दिसत होता.

लुगडं हललं. आत पंखा नव्हता.

काठाखालून एक हात आला. म्हातारा, हिरव्या बांगड्यांचा, मनगटापर्यंत पीठ लागलेला. त्याच्या मागे जेमतेम वीतभर जागा होती, हे सुमनताईंनी स्वतः पाहिलं होतं, आणि हात तर कोपराच्याही पुढे येतच राहिला, पाटापर्यंत. त्याने डबा उचलला. बायका वजन बघायला हलवतात तसा हलवला. वाळ्यांचे घुंगरू वाजले. हात थोडा वेळ थांबला.

मग त्याने डबा खाली ठेवला आणि बोटांनी ढकलत, फरशीवरून घासत, शटरच्या फटीपाशी आणून सोडला. सुमनताईंच्या गुडघ्याला लागला तेव्हा त्यांनी झाकण उघडलं. वाळे आतच होते. ते परत आले होते.

फोन वाजला. अमितराव होते आणि त्यांना श्वास पुरत नव्हता.

"आई, ठोके खाली चाललेत. आत्ता, एकदम. ऑपरेशनला आत घेतलंय तिला. डॉक्टर म्हणतात काही सांगता येत नाही. तुम्ही या ना, आई."

मागून कुणीतरी जोरात तेलुगूत सूचना देत होतं. त्याच्याही मागून मेघनाचा आवाज आला. ती आईला हाक मारत होती, देवाला नाही.

७

सुमनताईंना वाटलं होतं की अशा वेळी माणूस खूप विचार करतो. त्यांनी केला नाही. फोन त्यांनी तसाच चालू ठेवून कमरेला खोचला, दोन्ही हातांनी शटर वर ढकललं आणि आत गेल्या. चपला बाहेर काढल्या. कुणाच्या घरात जाताना काढतात म्हणून.

हात दिसत नव्हता. लुगडं स्थिर लोंबत होतं. त्यांना इतकी भीती वाटत होती की दात वाजत होते आणि ते त्यांना स्वतःला ऐकू येत होतं. बोंडलं उचलून त्यांनी मांडणीवर ठेवलं. मग लहान पाटावर, मांडी मावत नव्हती तरी, त्या बसल्या.

"लेकरू राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी आले आहे. मी बसते."

काही झालं नाही. मग त्यांना समजलं की दार उघडं ठेवून कुणी पाहुणचार करत नाही. त्या उठल्या, शटरची कडी धरली आणि आतून खाली ओढली. पॅसेजच्या उजेडाची रेघ बारीक होत गेली. शटर जमिनीला टेकता टेकता बाहेरचा तो न विझणारा दिवा विझला.

अंधारात चाचपडत त्या पाटावर परत येऊन बसल्या. समोरच्या पाटाचं लाकूड करकरलं. त्यांच्या गुडघ्याला दुसरा गुडघा लागला, थंड, ओल्या लुगड्यातला. कुणीतरी श्वास घेत होतं आणि तो श्वास फार दिवसांनी घरी माणूस आल्यावर घ्यावा तसा लांब होता. ताट सरकवल्याचा आवाज झाला. तव्यावर भाकरी उलटल्याचा वास आला.

कमरेच्या फोनमधून आधी खरखर आली. मग एक बारीक, चिडका, खणखणीत रडण्याचा आवाज. सुमनताईंनी दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला. जन्मात त्यांनी इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

"मुलगी!" अमितराव रडत आणि हसत होते. "मुलगी झाली, आई! दोघी छान आहेत. मेघना तुम्हालाच विचारतेय. कुठे आहात? निघालात का?"

त्या उठायला गेल्या. पिठाचा हात त्यांच्या मनगटावर येऊन बसला. दुखेल असा नाही. अगदी मायेने, पण सुटेल असाही नाही.

"मी इथंच आहे, अमितराव, शेजारी," सुमनताई म्हणाल्या. आवाज कापू नये म्हणून त्यांनी फार जपून एकेक शब्द उच्चारला. "मला जेवायला थांबवून घेतलंय. तुम्ही वाट बघू नका."